उभ्या गाडीचा आवाज

"येतेय ना ऐकू?" धाकट्या भावाने विचारलं आणि तो म्हणाला, "येतेय की."

त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. इंजिन ऐकू येत होतं, नाही असं नाही. ट्रकची केबिन पुढे कलवलेली होती, इंजिन उघडं पडून जागच्या जागी थरथरत होतं आणि त्याचा तो जाड, एकसारखा, घोंगडीसारखा आवाज त्याच्या डोक्यावरून पांघरल्यासारखा होता. पण त्या घोंगडीला सुईने टोचावं तशी जी टिकटिक त्यात असायला हवी होती, जिच्यासाठी ही गाडी इथे आणली होती, ती त्याला सापडेना. त्याने मान तिरकी केली, उजवा कान खाली नेला, मग डावा. एका हाताने कव्हरचा आधार घेतला. चौतीस वर्षं तो हे असंच करत आला होता आणि चौतीस वर्षं गाडीने त्याला सांगितलं होतं. बाकीचे लोक म्हणायचे, उगाच खोलाखोली करू नका, आधी मिस्त्रीच्या कानाला दाखवून घ्या. आज तो वाकला आणि गाडी गप्प. मागे उभा राहून धाकटा काहीतरी बोलत होता, दोन-तीन वाक्यं असावीत, शेवटी आवाज वर गेला म्हणजे प्रश्न असावा. त्याने मान न वळवता म्हटलं, "हो, हो." मग सरळ उभा राहिला, हात पुसले आणि म्हणाला, "टॅपेट." टिकटिक म्हटलं की दहातल्या सहा वेळा टॅपेटच असतं, व्हॉल्व्हच्या डोक्यावरची फट वाढलेली. अंदाज म्हणून तो वाईट नव्हता. फक्त तो अंदाज होता, हे त्या शेडमध्ये त्याच्या एकट्यालाच ठाऊक होतं.

नऊ वर्षांत दोघा भावांमध्ये झालेलं हे पहिलं बोलणं. एकाच शहरात राहूनही नऊ वर्षं भेट टाळता येते, फार अवघड नसतं ते. एखाद्या लग्नात एकाने लवकर जायचं, दुसऱ्याने उशिरा. पण धाकटा ज्या कंपनीचा ट्रक चालवायचा तिचं आधीचं गॅरेज बंद झालं आणि या महिन्यापासून तिच्या गाड्या इकडे यायला लागल्या. सकाळी फळ्यावर लावलेल्या चिठ्ठीवर ड्रायव्हरचं नाव वाचून तो क्षणभर तिथेच उभा राहिला होता. दुसरा मिस्त्री असता तर गाडी त्याच्या गळ्यात मारली असती, पण तो नेमका रजेवर. मग गाडी आत आली, धाकटा उतरला. जाडा झाला होता. देवाण-घेवाण दोन वाक्यांची झाली. "गाडी टिकटिक करतेय. उभी असली की." आणि "बघू." परक्या माणसाशी बोलावं तसं, उलट परक्या माणसाशी त्याने चहापाण्याचं तरी विचारलं असतं.

"बंद कर," तो म्हणाला. "गार होऊ दे. टॅपेट गरम इंजिनावर बसवत नाहीत."

धाकट्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग खांदे उडवले आणि इंजिन बंद केलं.

इंजिन बंद झाल्यावर जी शांतता पसरली तीही त्याला हल्ली नको वाटायची. पूर्वी शांततेत खूप काही असायचं. तापलेला पत्रा आकसताना होणारे बारीक आवाज, कुठेतरी थेंब पडणं, शेडच्या पत्र्यावर चालणारी कबुतरं. आता शांतता म्हणजे कापसासारखी. हे एका दिवसात झालेलं नव्हतं. आधी मनगटी घड्याळाचा गजर गेला. त्याने सेल बदलला, मग दुकानदाराशी भांडला, मग घड्याळ खणात टाकून दिलं. मग बायको स्वयंपाकघरातून बोलायची त्यातली काही अक्षरं गळायला लागली. 'साखर' आणि 'बाहेर' यांत फरक राहिना. तो तिला म्हणाला होता, तू हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतेस. एकदा सकाळी गॅलरीत उभा असताना तो म्हणाला होता, पक्षी फार कमी झालेत नाही शहरात? बायको हातातली बादली तशीच धरून त्याच्याकडे बघत राहिली होती. समोरच्या झाडाकडे तिने एकदा पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, झाले असतील. या सगळ्याची बेरीज त्याने कधी केली नाही. कामात तर अडलंच नव्हतं. ठोका पडत असेल, धडधड असेल, गिअरबॉक्स रडत असेल, तर ते जाड आवाज त्याला येत होते. जे येत नव्हतं ते तो हाताने वाचायचा, तळवा टेकवून. बारीक टिकटिकीची गाडी वर्षभरात त्याच्याकडे आलीच नव्हती, किंवा आली असेल आणि त्याने ती दुसऱ्याकडे ढकलली असेल. आठवायचं नाही असं ठरवलं की माणसाला खरंच आठवत नाही.

धाकटा लांबच्या बाकावर जाऊन बसला होता. पाय पसरून, दोन्ही हात मांड्यांवर, डोकं मागे भिंतीला. असाच बसायचा तो लहानपणी, शाळेतून आल्यावर. बाबा शेवटची पाच वर्षं याच्याकडे होते. बाबांनी आयुष्यभर एका लाँड्रीत बॉयलरवर काम केलं, वाफेच्या फुसफुसाटात आणि मोठ्या मोठ्या फिरत्या पिंपांच्या घरघरीत, आणि साठीनंतर त्यांचे कान गेले. थोरल्याचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर, बाबांना तेवढे जिने चढवत नव्हते, म्हणून बाबा पहिल्या मजल्यावरच्या धाकट्याकडे, असं ठरलं होतं. तो रविवारी जायचा. न चुकता जायचा. हातात फळांची पिशवी घेऊन एका रविवारी तो जिन्यात होता आणि वरून धाकट्याचा आवाज आला, "बाबा! गोळी! गोळी घेतली का? गो-ळी!" शेजारच्या घराचं दार अर्धवट उघडं होतं आणि फटीतून एक बाई बघत होती. त्याने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आपल्याच घरातल्या म्हाताऱ्या माणसावर कुणी असं खेकसतं? आत गेल्यावर धाकटा त्याच आवाजात म्हणाला होता, "दादा आलाय! दा-दा!" जणू एखाद्या जनावराला हाकलतोय. नंतर दर रविवारी हेच. जिन्याच्या पहिल्या वळणावर पोचलं की वरून तो जाड, घोगरा, तोडून तोडून बोललेला आवाज. मग तो आत जाऊन बाबांच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसायचा आणि मुद्दाम हळू बोलायचा, अगदी मऊ; इतक्या जवळून बाबांना कळतंच, असं तो धरून चालला होता. दिवसभर खेकसणं सोसणाऱ्या माणसाला तासभर तरी कुणी माणसासारखं बोललेलं बरं. बाबा त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे, हसायचे, म्हणायचे, "बरं, बरं." त्या तासाचा त्याला अभिमान होता.

बाबा गेले त्या आठवड्यात घरात माणसं बसलेली होती, मामा, आत्या, लाँड्रीतले दोघे जुने सोबती. कुणीतरी म्हणालं, शेवटी धाकट्याने फार केलं हो. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, की केलं खरं, पण पाच वर्षांत बापाशी एक शब्द धड बोलला नाही, कुत्र्यावर ओरडावं तसा ओरडायचा, मी माझ्या कानांनी ऐकलंय. धाकटा उभा होता. त्याचा चेहरा लाल झाला, ओठ उघडले, त्याने एकदा बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग ओठ मिटले आणि तो बाहेर निघून गेला. तो गप्प बसला, म्हणजे खरं असणार. नऊ वर्षं थोरल्याने हाच पुरावा धरून ठेवला होता.

साडेबाराला त्याने इंजिनवर हात ठेवून पाहिला आणि कव्हर खोललं. हात आपलं काम चोख करत होते, त्यांचं त्याला नेहमी कौतुक वाटायचं. सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह. बारने इंजिन थोडं थोडं फिरवायचं, पातळ पट्टी फटीत सरकवायची, ती लोण्यातून सुरी जावी तशी गेली तर ढिलं, अडली तर घट्ट, किंचित ओढ लागली तर बरोबर. धाकटा न बोलावता येऊन समोर उभा राहिला होता आणि न मागता पाने पुढे करत होता, तेही बरोबर नंबरचे. बारापैकी दोन फटी जरा जास्त निघाल्या, केसाएवढ्या. त्याला बरं वाटलं. म्हणजे होतंच की काहीतरी. त्या दोन केसांवर त्याने आपली सगळी अब्रू टांगली, नट आवळले, कव्हर बसवलं आणि म्हणाला, "मार स्टार्टर."

इंजिन सुरू झालं, दोन-चार वेळा खाकरून जागेवर आलं. नीट बसायच्या आतच तो म्हणाला, "गेली ना?"

धाकट्याने इंजिनाकडे पाहिलंच नाही. तो त्याच्याकडे बघत होता. मग वळून, गाडीला वळसा घालून तो त्याच्या पाठीमागे गेला, रबरी पाइप शोधत असल्यासारखा, आणि तिथून काहीतरी बोलला. याने नजर इंजिनावर ठेवून मान हलवली. "हो, हो," म्हणाला.

धाकटा पुन्हा वळसा घालून समोर आला. अगदी जवळ आला, हातभर अंतरावर, चेहरा चेहऱ्यासमोर. त्याने इंजिन बंद केलं नाही. आवाज पोटातून काढावा तसा खाली नेला, जाड केला आणि एकेक शब्द सुटा सुटा ठेवत म्हणाला, "मी आत्ता विचारलं, तू गाढव आहेस का. तू म्हणालास, हो, हो."

काय वाटलं त्याला? नंतर तो बराच वेळ याचा विचार करत होता. लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही, कानशिलं तापली. पण तिच्या आधी, अगदी क्षणभर, निव्वळ सुख वाटलं होतं. चालत्या इंजिनाशेजारी उभं राहून त्याला एक अख्खं वाक्य ऐकू आलं होतं. एकही अक्षर न गळता. कित्येक महिन्यांत कुणी त्याच्याशी इतकं स्वच्छ बोललं नव्हतं. आणि मग त्याने तो आवाज ओळखला. घोगरा, तोडून तोडून, छातीतून ढकललेला. जिन्याच्या पहिल्या वळणावरून तो अगदी खेकसल्यासारखा वाटायचा.

"कधीपासून?" धाकट्याने त्याच आवाजात विचारलं.

"वर्ष. दोन असतील."

"वहिनीला माहितेय?"

"मी नाही सांगितलं."

"इथे?"

"वेडा आहेस का? इथे मी कशावर जगतोय?"

धाकट्याने इंजिनाकडे मान केली. "टिकटिक आहे तशीच आहे. मी काय करू, गाडी घेऊन जाऊ?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. काहीतरी त्याच्या आत सैल झालं होतं, घट्ट बसलेला नट एकदम सुटावा तसं, आणि आता खोटं बोलायचं नाही म्हटल्यावर डोकं चालायला लागलं होतं. कोपऱ्यातली लांब लोखंडी कांब त्याने आणली, तिचं एक टोक धाकट्याच्या हातात दिलं. "हे कानाच्या मागच्या हाडाला लाव. दुसरं टोक मी सांगतो तिथे टेकव. तू ऐकायचं, मी विचारीन."

मग ते दोघे त्या उघड्या इंजिनावर वाकले. बाजूला वेल्डर काम करत होता, ठिणगी म्हणायचे त्याला सगळे, त्याने काच वर करून एकदा या दोघांकडे पाहिलं. "कशी आहे? कोरडी की ओली?" थोरल्याने विचारलं. धाकट्याला कळलं नाही. "म्हणजे नखाने पत्र्यावर टिचकी मारल्यासारखी, की दात-ओठांतून थुंकी उडवल्यासारखी?" धाकट्याने डोळे मिटले. कांब एका जागेवरून दुसरीकडे नेली, तिसरीकडे नेली. त्याच्या कपाळाला आठी पडली होती आणि जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली होती. "इथे काही नाही. इथे टिचकी आहे, पण ती सगळ्यांची सारखीच आहे. इथे..." त्याने कांब बाजूला केली आणि नुसता कान पुढे केला. "या बाजूला आलं की जास्त येते. टिक नाही रे ही. फ्टिक. हवा आहे तिच्यात."

"सायलेन्सरच्या बाजूला?"

"हो. आणि सकाळी सांगितलंच की मी, गाडी गार असली की जास्त येते, तापली की कमी होते. तू हो, हो म्हणालास."

तो सरळ झाला. गार असताना जास्त, तापल्यावर कमी. एवढं एक वाक्य ऐकलं असतं तर टॅपेटचं नावही काढलं नसतं त्याने. तापलेलं लोखंड फुगतं, फट बुजते. शाळेतल्या मुलाने सांगितलं असतं. "अजून काय सांगितलं होतंस सकाळी?"

"अजून काही नाही. डोकं दुखतं म्हणालो."

"डोकं?"

"दोन आठवडे झाले. काचा लावून चालवली की जड होतं. परवा तर डुलकीच लागली, सरळ रस्त्यावर, भर दुपारी. रस्त्याकडेच्या खडीवर चाकं गेली तेव्हा जाग आली. मी विचारलं तुला, गाडीमुळे होत असेल का. तू म्हणालास..."

थोरल्याने कडेला हात टेकला. टॅपेट बसवली, जा, असं म्हणून त्याने गाडी सोडली असती. काचा लावून, थंडीच्या दिवसांत, सरळ रस्त्यावर. त्याने टॉर्च घेतला, इंजिन आणि धुराचा जाड पाइप जिथे जोडलेले असतात त्या सांध्यावर खालून उजेड टाकला आणि एकेक तोंड बघत गेला. पहिलं स्वच्छ. दुसरं स्वच्छ. तिसऱ्याच्या कडेला काजळीची रेघ होती, डोळ्यात घालावी तशी काळीभोर, आणि सांधा आवळून धरणारा खालचा एक स्टड मुळाशीच तुटून गेलेला. त्याने हातमोजा काढला आणि तळवा त्या जागेपासून वीतभर लांब धरला. गरम फुंकर आली. पुन्हा आली. पुन्हा. मोजून, एका लयीत, कुणीतरी लहान तोंडाने तळव्यावर फू फू करावं तशी. ती टिकटिक त्याला अखेर भेटली, ती अशी, चामडीवर. थोडा वेळ तो तसाच हात धरून उभा राहिला. "बंद कर," मग म्हणाला. "धूर गळतोय. तुझ्या केबिनमध्ये जातोय सगळा."

पुन्हा गार व्हायची वाट बघणं आलं. दोघे बाकावर बसले. धाकट्याने डबा उघडला आणि अर्धा त्याच्यासमोर सरकवला. मग थोरला समोर बघत म्हणाला, आणि म्हणतानाच पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्याला माहीत होतं, "मी बाबांशी हळू बोलायचो."

"हं."

"त्यांना किती ऐकू यायचं त्यातलं?"

धाकट्याने घास संपवला. वळून समोर तोंड केलं. "काहीच नाही, दादा."

"काहीच?"

"बाबांना बारीक आवाज यायचाच नाही. ओरडूनही नाही यायचा, किंचाळल्यावर तर मुळीच नाही. जाड आवाज काढायचा आणि तोंडासमोर बोलायचं, तरच. मला दोन महिने लागले ते समजायला. घसा बसायचा माझा."

"मग मला का नाही सांगितलंस? तेव्हा? नंतर, सगळ्यांच्या समोर मी बोललो तेव्हा तरी?"

"बाबांनी सांगितलं होतं, सांगू नको म्हणून." धाकटा डब्याच्या झाकणावरचा पोचा अंगठ्याने दाबत होता. "म्हणायचे, थोरला येतो, काय काय बोलतो, फार चांगलं बोलत असणार. मला कळत नाही ते. पण त्याला सांगू नकोस, वाईट वाटेल त्याला. मग मी काय सांगणार?"

कितीतरी रविवार. त्याने बाबांना काय काय सांगितलं होतं! गॅरेजमधल्या गमती, घरातल्या गोष्टी, जे बायकोलाही सांगितलं नव्हतं ते. आणि एक रविवार, त्याला तारीखसुद्धा आठवत होती, डॉक्टरांकडून आल्यानंतरचा. बायको घरी पडून होती आणि तो एकटाच गेला होता. स्टूल ओढून बसला आणि बाबांचा हात हातात घेऊन हळू आवाजात म्हणाला होता, बाबा, डॉक्टर म्हणाले, आम्हाला मूल होणार नाही. बाबा त्याच्याकडे बघत राहिले होते. मग हसले होते, त्यांचं ते तोंडभर, शांत हसू, आणि त्याच्या हातावर थोपटून म्हणाले होते, "बरं, बरं. चालायचंच." त्या वेळी त्याला वाटलं होतं की एवढा मोठा माणूस आपण पाहिला नाही. घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं, बाबा म्हणाले, चालायचंच. ती रडत होती ती थांबली होती. उठून तिने तोंड धुतलं होतं. त्या एका शब्दावर दोघांनी पुढची वर्षं काढली. कुणी विचारलं, कुणी खोचक बोललं, कुणाच्या बारशाहून परत आले, की दोघांपैकी एक जण म्हणायचा, चालायचंच, आणि दुसरा हसायचा. आणि बाबांना वाटलं असेल, गाडीचं काहीतरी बोलतोय. किंवा पावसाचं. त्याने तो शब्द मनात उलटापालटा करून पाहिला, आता तो पोकळ वाजतो का ते बघायला. वाजत नव्हता. न ऐकता दिलेला असला तरी तो त्यांच्या उपयोगी पडला होता, आणि थोपटणारा हात तर खोटा नव्हता. म्हाताऱ्याने तोंडाकडे बघून काहीतरी ओळखलं असेलही. नसेलही. हे आता कुणाला विचारता येणार नव्हतं. बायकोला सांगायचं का, हेही आज ठरवायला हवं असं नव्हतं.

"काय रे?" धाकटा म्हणाला.

"काही नाही. गार झाली असेल बघ."

नट निघाले, सांध्यातलं गॅस्केट निघालं. तिसऱ्या तोंडाजवळ ते जळून कागदासारखं झालं होतं. तुटलेला स्टड मात्र आत रुतून बसला होता, पकडायला बोटभरही जागा नव्हती. त्याने ठिणगीला हाक मारली. ठिणगी आला, नीट बघून म्हणाला, "एवढंसंच? मला वाटलं दोघे मिळून बाळंतपण करताय." उरलेल्या खुंटीवर त्याने एक नट ठेवला, वेल्डिंगने तो खुंटीला जोडून टाकला, जरा निवू दिला, मग त्यावर पाना लावून हलक्या हाताने फिरवलं आणि खुंटी कुरकुरत बाहेर आली. नवा स्टड, नवं गॅस्केट, पृष्ठभाग घासून स्वच्छ. नट थोरल्याने मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करून आवळले. चार वाजत आले होते. शेडमध्ये तिरपं ऊन आलं होतं आणि त्यात धुळीचे कण तरंगत होते.

धाकटा खालूनच स्टार्टर मारून आला. इंजिन लागलं. या वेळी थोरल्याने काही विचारलं नाही. फक्त भावाच्या तोंडाकडे पाहत राहिला. धाकटा इंजिनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कान नेत गेला, परत आला, मग हसला. "गेली," म्हणाला. तरी त्याने हातमोजा काढून तिसऱ्या तोंडाशी तळवा धरला. काही नाही. नुसती ऊब.

आणि तसाच, तळवा तिथे धरलेला असताना, इंजिनाकडेच बघत तो म्हणाला, "त्या दिवशी मी जे बोललो ते चुकलं माझं."

"काय?"

"म्हटलं, चुकलं माझं."

धाकट्याने मान हलवली, कानाशी हात नेला. "इंजिन चालूय! मोठ्याने बोल!"

खरंच ऐकू आलं नव्हतं की काय, ते त्याला त्याच्या चेहऱ्यावरून ठरवता आलं नाही. त्याने श्वास घेतला. "बाबांवर तू ओरडायचास असं मी सगळ्यांसमोर म्हणालो! ते चुकलं माझं! तू बोलत होतास त्यांच्याशी! बोलत तू एकटाच होतास! मी नाही!" आवाज इतका मोठा निघाला की त्याचा त्यालाच ऐकू आला, पत्र्याला आपटून परत आला. ठिणगीच्या हातातली ठिणगी विझली. काचेच्या केबिनमधून सुपरवायझर अर्धवट उठून बघायला लागला. पलीकडे टायर बदलणारे दोघे टायर धरून तसेच उभे राहिले.

धाकट्याने केबिनच्या कडेला हात घालून इंजिन बंद केलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. त्याने नाक ओढलं, शर्टाच्या बाहीने गाल पुसला, त्यावर ग्रीसचा पट्टा उमटला. "ऐकलं," तो म्हणाला. मग जाड आवाजात, समोर येऊन, "सगळ्यांनीच ऐकलं."

सुपरवायझर बाहेर आला तेव्हा थोरल्याने आडपडदा ठेवला नाही. एकदा ओरडल्यावर हळू बोलण्यात काही अर्थ उरला नव्हता. "साहेब, माझे कान गेलेत थोडे. बारीक आवाज येत नाहीत. आज सकाळी मी न ऐकताच टॅपेट म्हणालो आणि चुकलो. बारीक आवाजाची गाडी आली की ऐकायला माझ्याबरोबर कुणीतरी द्या. नाहीतर ती गाडी मला देऊ नका."

सुपरवायझरने हातातली चिठ्ठी दोनदा उलटी केली. "हात आहेत ना जागेवर?"

"आहेत."

"मग ऐकायला माणसं मिळतील," तो म्हणाला आणि जाता जाता थांबून, "पण कान दाखवून घ्या. उगाच आम्ही तुमच्याबद्दल जे जे बोलतो ते सगळं वाया जातंय," असं म्हणून आत गेला. ठिणगी खो खो हसला. हसणं दिसलं, ऐकूही आलं.

धाकट्याने केबिन खाली घेतली, खटके लावले. जायच्या आधी दोघे जरा उगाचच टायर बघत उभे राहिले. मिठी वगैरे त्यांच्यात कधी नव्हतीच. त्याने सांगितलं, आजचा दिवस काचा उघड्या ठेव, आतला धूर जाऊ दे, उद्या डोकं दुखलं तर डॉक्टरकडे जा, गाडीला दोष देत बसू नकोस. धाकट्याने मान हलवली आणि चढला. गाडी सुरू झाली, हळूहळू मागे येऊन फाटकाकडे वळली. फाटकाशी पोचल्यावर धाकट्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मागे वळून काहीतरी ओरडला. तोंड हललं, हात हलला. निरोपच असणार, दुसरं काय असणार? त्याचा हात आपोआप वर गेला, मान हलायला लागली, आणि 'हो, हो' ओठांपर्यंत आलं.

त्याने हात खाली घेतला आणि चालायला लागला. मग थोडं पळाला, त्या वयात जितकं पळता येतं तितकं, फाटकापर्यंत. फाटकाशी गाडी थांबली होती. धापा टाकत तो खिडकीखाली उभा राहिला आणि वर बघून म्हणाला, "ऐकू नाही आलं. काय म्हणालास?"

धाकटा खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकला. "म्हटलं, वहिनीला सांग, गुरुवारी जेवायला येतोय!"

"एकटा?"

"सगळे!"

"मग आठला या," तो म्हणाला. "मी सहाला सुटतो."

मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. तोही त्याला ऐकू आला आणि तो बाजूला झाला.